उलटं धरलेलं पान

नानांवर मी लिहावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांची पुस्तकं चाळीस-पन्नास वर्षं ट्रंकेत जपून ठेवणारी माणसं खानदेशात आहेत. त्यांच्याकडे आठवणी आहेत आणि लिहिण्याचा हातही आहे. मी जळगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरं की वाईट हे सांगणारं घरी कोणी नाही. शिवाय नानांना मी उभ्या जन्मात दोनदाच भेटलो. दोन भेटींच्या जोरावर माणसाचं चित्र काढायला बसणं हा आगाऊपणाच आहे. तरी तो करतोय, कारण त्या भेटींत माझ्या हातून जे झालं ते माझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नाना छापील पान उलटं धरून वाचत. पानाचा माथा खाली आणि पाय वर. चष्मा कपाळावर सरकवायचे, पान डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायचे आणि एकेका ओळीवर अंगठ्याचं नख टेकवत सावकाश पुढे जायचे. गंमत म्हणून नाही, विसरून तर नाहीच. त्याचं कारण मला वेळेवर कळलं असतं, तर हे लिहायची पाळी आली नसती.

नाना जुळारी होते. धुळ्यातल्या एका लहान छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले. आता हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असायचा. लाकडी केसीच्या लहान लहान खणांतून एकेक खिळा उचलायचा, हातातल्या लोखंडी पट्टीत ओळ बसवायची, ओळींचं पान झालं की ते सुतळीने बांधायचं आणि शाई लावून छापायचं. छापून झालं की सुतळी सोडायची आणि प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात टाकायचा, म्हणजे उद्याच्या मजकुराला अक्षरं मिळतात. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सगळं असंच व्हायचं. नानांचं वेगळेपण एवढंच की त्यांनी आपल्या रहस्यकथाही अशाच लिहिल्या. कागदावर एक ओळ नाही. दुपारी मालक जेवायला घरी गेला की नाना केसीसमोर उभे राहत आणि गोष्ट थेट खिळ्यांत जुळवत. म्हणून त्यांच्या एकाही पुस्तकाचं हस्तलिखित नाही. कोणी मागितलं की म्हणायचे, "पेन हातात धरला की मला फक्त सही सुचते."

सोळा-सोळा पानांची ती पातळ पुस्तकं एसटी स्टँडवर आणि आठवडे बाजारात मिळायची. त्यांचा नायक गार्ड काशीनाथ. मालगाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात कंदील घेऊन एकटा बसणारा माणूस. दोंडाईच्याच्या फलाटावर प्रेत सापडो, की गिरणेच्या पुलाखाली पेटी, छडा काशीनाथच लावणार. नायक पोलीस का नाही, असं नानांना लोक विचारत. नाना म्हणत, "जो सगळ्यात मागे बसतो, त्याला पुढच्यांनी काय केलं ते दिसतं."

मला ही पुस्तकं भडगावच्या बाजारात रद्दीत सापडली. तेव्हा मी सहावीत होतो. माझे वडील केळीच्या गाड्या भरतात. त्यांना वाचता येत नाही. संध्याकाळी अंगाला लागलेला केळीचा चीक घासून घासून काढला की ते ओट्यावर बसायचे आणि मी काशीनाथ मोठ्याने वाचायचो. माझी आई म्हणायची, परीक्षेचं पुस्तक एवढ्या जोरात वाचत जा. वडील म्हणायचे, "त्याले वाचू दे. गाडी पूलवर शे."

गाडी खरंच पुलावर होती. शेवटच्या पुस्तकात कोणीतरी कडी काढून काशीनाथचा डबा तापीच्या पुलावर सोडून देतो. मालगाडी पुढे निघून जाते. मागून माणसांनी भरलेली पॅसेंजर येते आहे आणि कंदिलात तेल जेमतेम तळाशी उरलं आहे. शेवटच्या ओळीखाली छापलं होतं, 'पुढील भागात समाप्त'. तो पुढील भाग कधी निघालाच नाही. छापखाना बंद पडला होता. खानदेशातले हजारो वाचक तीस वर्षं त्या पुलावर अडकून पडले, त्यांत शेवटी आम्ही बापलेकही जाऊन बसलो.

वडिलांनी विचारलं, "मंग? काय व्हयनं?"

पुस्तक संपलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला तसं सांगवेना. मी तेच शेवटचं पान डोळ्यांसमोर धरलं आणि वाचल्यासारखं बोलत राहिलो. काशीनाथ अंगातला सदरा काढतो, कंदिलाच्या तळाशी उरलेल्या तेलात बुडवतो, पेटवतो आणि पुलावरून धावत सुटतो. पॅसेंजर त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबते. वडिलांनी मांडीवर थाप मारली. "वाचना गड्या!" म्हणाले, म्हणजे वाचला. मी लिहायला लागलो तो त्या संध्याकाळी, एका खोटेपणातून.

कॉलेजात आल्यावर मला अश्फाक भेटला. त्याच्या घरी तीन पिढ्या दुकानांच्या पाट्या रंगवतात. तो वर्गात बसून बाकावर चित्रं काढायचा. मी त्याला पुलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "यार, ही तर आधीच चित्रात आहे, फक्त काढायची बाकी आहे." आम्ही दोघांनी मिळून सोळा पानांची चित्रकथा केली आणि झेरॉक्स काढून टाचली. गोष्ट माझी, चित्रं त्याची. पण तिला नानांची परवानगी नव्हती, आणि खरा शेवट काय होता हे मला अजून माहीत नव्हतं. या दोन गोष्टी मला नानांकडून हव्या होत्या. त्यातलीही दुसरी जास्त, कारण वडिलांना मी खोटं सांगितलं होतं.

संधी चालून आली. नानांच्या वाचकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यांनी जळगावला एक हॉल घेऊन काशीनाथप्रेमींचा मेळावा भरवला. मी असलं काही पाहिलं नव्हतं. साक्रीचे एक काका गार्डचा पांढरा ड्रेस घालून, लाल-हिरवी झेंडी घेऊन दारात उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला हिरवी झेंडी दाखवत होते. जुनी पुस्तकं अदलाबदलीला होती. कोणत्या पुस्तकात कोणत्या स्टेशनात खून होतो यावर प्रश्नमंजूषा चालली होती आणि दोन पंच्याहत्तरीचे गृहस्थ शिंदखेडा की नरडाणा यावरून हमरीतुमरीवर आले होते. नव्या लोकांसाठी भिंतीला लावून एक टेबल होतं. तिथे अश्फाक आणि मी आमच्या वीस प्रती मांडून बसलो. दुपारपर्यंत दोन गेल्या. एक साक्रीच्या गार्डकाकांनी घेतली, वारा घ्यायला.

नाना आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. पांढरा लेंगा, वर जाकीट, हातात रेक्झिनची जुनी पिशवी. पिशवी ते कोणाच्या हातात देईनात. ती जड असावी, कारण ते एका अंगाला कलून चालत होते. बोटांची टोकं राखाडी होती. पुढे कळलं, ते शिसं. ते आता निघत नाही.

जेवणाआधी ग्रुपचे प्रमुख, एक निवृत्त पोस्टमास्तर, आम्हाला स्टेजवर घेऊन गेले. "नाना, हे आपले नवे चित्रकथावाले."

अश्फाक म्हणाला, "नाना, चित्रं माझी, गोष्ट याची."

"गोष्ट याची? मग काशीनाथ कोणाचा?"

हॉल हसला. मी घाबरून म्हणालो, "तुमचाच, नाना. माझा फक्त..."

"फक्त काय?"

"शेवट."

नाना माझ्याकडे बघत राहिले. नाव नाही विचारलं, गाव विचारलं. मी भडगाव सांगितलं. "दे, भडगाव," म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवला, पहिलं पान उघडलं आणि पुस्तक उलटं केलं. काशीनाथ डोक्यावर उभा, पूल आभाळात. नानांचं नख चित्राखालच्या ओळीवरून सरकायला लागलं. एक पान झालं, दुसरं झालं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, गाडी रिव्हर्स घेतली का?"

लोक हसले. वाईट मनाने नाही हसले. पण मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात आलेलं नाही आणि सगळे त्याला हसतायत. त्यांची लाज राखावी म्हणून मी पुढे वाकलो, त्यांच्या दोन्ही हातांतलं पुस्तक धरलं आणि फिरवून सरळ केलं. म्हणालो, "नाना, उलटं झालंय."

माईक त्यांच्या पुढ्यात होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं.

नानांनी सरळ झालेल्या पुस्तकाकडे पाहिलं. "असं का. बरं," म्हणाले. पुस्तक मिटून जाकिटाच्या खिशात ठेवलं. पोस्टमास्तरांनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. नानांचा हात खुर्चीखालच्या पिशवीकडे गेला आणि मधेच थांबला. ते म्हणाले, "आज एक चीज दाखवायला आणली होती. पण राहू द्या. जेवणं थंड होतील."

त्यांना धुळ्याच्या गाडीत बसवायला अश्फाक आणि मी गेलो. पिशवी या वेळी त्यांनी आमच्याकडे दिली. अश्फाक म्हणाला, "नाना, यात काय दगड आहेत का?"

"गोष्ट शे," नाना म्हणाले.

आम्ही हसलो. एका दिवसात माझ्यामुळे त्यांचं हे दुसरं हसं होतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर आला आणि ग्रुपवरून बाहेर गेला. मी पुस्तक सरळ करतोय, हॉल हसतोय, नाना माझ्याकडे बघतायत. कोणीतरी वर लिहिलं होतं, 'गार्डचा डबा घसरला'. कोणी लिहिलं, वय झालं की असं होतं बिचाऱ्यांचं. कोणी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती. नानांची पुस्तकं पुन्हा छापायची चर्चा मेळाव्यात चालली होती. त्यानंतर तिचं नाव कोणी काढलं नाही. मला मात्र लोकांनी समजूतदार मुलगा म्हटलं होतं. ते वाचून मी फोन उशीखाली घातला.

तीन आठवड्यांनी मी माफी मागायला धुळ्याला गेलो. दार सुनेने उघडलं. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुम्हीच ना ते व्हिडिओतले?" मी हो म्हणालो. त्यांनी दार लावलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांचे यजमान, म्हणजे नानांचा मुलगा, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते ऑफिसला गेले होते. "ह्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला तो," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. आता म्हणतात, नानांना बाहेर पाठवायचं नाही."

नाना मागच्या खोलीत खाटेवर बसून विजेचं बिल वाचत होते. सरळ धरून. मला पाहून म्हणाले, "ये, भडगाव."

मी पाठ करून आणलेली माफी निम्म्यावर विसरलो. त्यांनीच हात वर करून थांबवलं. मग बिल माझ्यापुढे नाचवलं. "हे सरळ वाचतो. त्यात काय पाहायचं असतं? आकडा पाहिला, संपलं. ज्याचं प्रूफ मनापासून पाहायचं ते उलटं धरायचं. सरळ धरलं की डोळा गोष्टीमागे पळतो, अक्षर सुटतं. उलटं धरलं की गोष्ट पळून जाते आणि चुका जागेवर बसलेल्या दिसतात. आमच्या छापखान्यात मी मालकाच्या भाषणाचं प्रूफसुद्धा सरळ पाहायचो. उलटं फक्त काशीनाथचं पाहिलं."

भर हॉलमध्ये त्यांनी माझी गोष्ट काशीनाथच्या शेजारी बसवली होती आणि मी ती त्यांच्या हातातून सरळ केली होती.

उशीखालून त्यांनी आमची चित्रकथा काढली. पेन्सिलच्या खुणा होत्या. "नवव्या पानावर कंदील डाव्या हातात, दहाव्यावर उजव्यात. त्या मुसलमानाच्या पोऱ्याला सांग, हात मस्त काढतो, पण कोणता हात ते लक्षात ठेव. आणि हे बघ. सदरा काढता काढता काशीनाथ चार ओळी बोलतो. तोंडावर सदरा असताना माणूस बोलेल का?"

मी हसलो. तेही हसले. मग एकदम विचारलं, "तू त्याले वाचाडं कसाले?"

त्याला वाचवलंस का, असं ते विचारत होते. मी खरं ते सांगितलं. "वडील ऐकत होते, नाना."

सहावीतली सगळी हकिकत सांगितली. नाना बराच वेळ आपल्या बोटांची टोकं चोळत बसले. म्हणाले, "माझ्यासमोर कोणी बसलेलं नव्हतं. नुसती भिंत होती."

मग त्यांनी मला खाटेखाली वाकायला लावलं. तिथे पत्र्याच्या तीन तबकांत, वर्तमानपत्रांनी झाकलेली, सुतळीने बांधलेली शिशाची पानं होती. सोळा. काशीनाथचा शेवटचा भाग. छापखाना बंद पडला त्या आठवड्यात तो जुळवून तयार होता. मशीन दुसऱ्या दिवशी उचललं गेलं. मालकाने ही पानं आणि जुन्या चार केसी नानांना नेऊ दिल्या. हातगाडीवरून त्यांनी त्या घरी आणल्या. केसी भिंतीला लावून होत्या. मेळाव्याला आणलेल्या पिशवीत यातलंच एक पान होतं, सोळावं. ते लोकांना दाखवायचं आणि सांगायचं की शेवट आहे, छापा, एवढ्यासाठी नाना जळगावला आले होते.

"तीस वर्षांत कोणाला सांगितलं का नाही?"

"शेवट बरोबर आहे का, ते ठरत नव्हतं. सोळावं पान किती वेळा सोडलं आणि पुन्हा जुळवलं. खरं सांगू? खिळे असे बांधून ठेवणं पाप आहे. तेवढी अक्षरं अडकून पडतात. छाप, नाहीतर सोड. मी दोन्ही केलं नाही."

त्यांनी सोळावं पान खाटेवर ठेवून मला वाचायला सांगितलं. आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांतून मला 'पूल' एवढाच शब्द लागला, तोही आकारावरून. काशीनाथ जगतो की मरतो, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "असं तोंडी नाही. रविवारी ये. हा नाही, पुढचा. मुलगा-सून लग्नाला जाणार आहेत. शाई आण, रोलर आण. कागद ओला करून वरून दाबला तरी उमटतं. छापू, मग सरळ धरून वाच. बापालेबी वाची दखाड."

चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "छापा बाई एकदाचं. मला खाटेखाली झाडू घालता येत नाही."

मी थेट गावी गेलो आणि वडिलांना सांगितलं की सदरा पेटवण्याची गोष्ट माझी होती, पुस्तकात नव्हती. वडील केळीच्या पानाने पाट पुसत होते. म्हणाले, "माले ठाऊक व्हतं. तुनं बोट हालत नव्हतं." वाचताना मी ओळीखाली बोट फिरवायचो. त्या दिवशी बोट जागेवर थांबलं होतं आणि तोंड चाललं होतं. वाचता न येणाऱ्या माणसाने ते पाहिलं आणि सात-आठ वर्षं मला कळू दिलं नाही. "पण खरं काय व्हयनं ते इचारी ये," असं मात्र म्हणाले.

इथवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नानांना लोक वेडा म्हणतायत हे मला सहन होईना. आपण बिघडवलं, आपणच नीट करावं, म्हणून मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. उलटं धरण्याचं कारण लिहिलं. शेवटचा भाग खिळ्यांत तयार आहे, खाटेखाली आहे, हेही लिहिलं. लोकांनी मला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नानांच्या घरी फोन सुरू झाले. कोणी तर थेट घरी गेलं. एकाने मोबाइल धरून नानांना वर्तमानपत्र उलटं वाचून दाखवायला सांगितलं, असं कळलं. नानांनी दाखवलं की नाही, माहीत नाही. गुरुवारी मला त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही शिकलेले आहात ना? मग म्हाताऱ्या माणसाचा तमाशा करू नये एवढं कळत नाही? आता येऊ नका. कोणालाच येऊ देणार नाही मी."

मला शिकलेला म्हणणारे ते पहिलेच. मी "हो साहेब" म्हणालो.

ठरलेल्या रविवारी लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडून आणलेली शाईची डबी आणि रोलर पिशवीत होता. अश्फाक म्हणाला, "मुलगा लग्नाला गेलाय. नानांनी बोलावलंय. जा." मी एकटा निघालो. गाडी पारोळ्याला थांबली तेव्हा मला त्या मुलाचा आवाज आठवला. मोठ्या माणसाने एकदा नाही म्हटल्यावर पाठीमागून त्याच्या घरात शिरायचं, हे मला कधी जमलेलं नाही. मी पारोळ्याला उतरलो आणि समोरच्या गाडीने परत आलो. नानांकडे स्वतःचा फोन नव्हता. पुढच्या रविवारी जाऊ, राग निवळल्यावर जाऊ, असं करत राहिलो. मध्ये परीक्षा आली. मुलाला एक पत्र लिहिलं आणि टाकलं नाही, कारण 'साहेब' लिहावं की 'दादा' हे ठरेना.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनी होत्या. चित्रकथेच्या मागे आमचा नंबर छापलेला होता, तो बघून केला होता. म्हणाल्या, "नाना गेले. काल दहावा झाला. कोणाला कळवायचं नाही असं ह्यांचं म्हणणं होतं. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं."

मी विचारू नये ते विचारलं. "वहिनी, खाटेखालची पानं?"

"ती नाहीत. त्यांनीच सोडली. शेवटचे पंधरा-सोळा दिवस रोज सकाळी खाली चटई टाकून बसायचे, एक पान घ्यायचे, सुतळी सोडायचे आणि एकेक खिळा खणात टाकायचे. मी म्हटलं, नाना, तो भडगावचा मुलगा छापायला येणार आहे ना? तर म्हणाले, 'चार रविवार व्हई ग्यात, बेटा.' मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाले. तुझ्याकडून खण चुकेल."

फोन चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"सगळं झाल्यावर तबकं पुसून घेतली. मग म्हणाले, एक खिळा कमी आहे. खाली सांडला असेल, शोध. मी बॅटरी घेऊन खाटेखाली शिरले. भिंतीच्या कडेला सापडला."

"कोणतं अक्षर होतं?"

"मला काय कळतंय? उलटंच असतं ना ते. मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला आणि खणात टाकला."